वहिनीची खरी वाक्यं

आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी कधीच बोलत नसत, आणि त्यांचं भांडण तर मुळीच नव्हतं. एक माझे बाबा आणि दुसरी माझी वहिनी. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. आम्ही मूळचे अंबाडीच्या पुढच्या एका खेड्यातले शेतकरी. बाबा भिवंडीत लूमच्या कारखान्यात जॉबर झाले, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे, आणि आम्ही शहरात राहायला आलो. पण रिवाज काही गावात राहिले नाहीत, ते बोचक्यात बांधून बरोबर आले. मग व्हायचं काय, की बाबा ओट्यावर बसलेले, वहिनी दाराआड पदर सावरून उभी, आणि ती मला म्हणायची, "वन्सं, मामंजींना सांगा, पानी तापलंय." आता हे बाबांनी माझ्याबरोबरच ऐकलेलं असायचं. तरी ते माझ्याकडेच बघत बसायचे. मी सांगायचे, "बाबा, पाणी तापलंय." मग ते म्हणायचे, "तिला सांग, आलो." मी वळून सांगायचे, "आलो म्हणतात." दिवसातून दहा वेळा हा टपालखात्याचा उद्योग! मी घरात नसले की दोघांची पंचाईत. एकदा तर वहिनी मांजराला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलंय, "मने, मामंजींची छत्री खुंटीला हाय गं."

ही सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. वहिनीचं माहेर गणेशपुरीच्या बाजूला. तिथून रोज पायपीट करून ती अकरावीपर्यंत शिकली, सगळ्या विषयांत पास झाली आणि एका इंग्रजीत आपटली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती आमच्या घरी आली. मॅट्रिक पास झालं की मास्तरकीचं ट्रेनिंग घेता यायचं. वहिनीला शाळेत मास्तरीण व्हायचं होतं. हे तिनं दादाला सांगितलं, दादानं आईला सांगितलं, आणि आई म्हणाली, "घरातलं आटपून काय करायचं ते करू दे." मग दादानं ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरून टाकला.

"वन्सं, ह्या येळेला न्हाय झालं तर परत कोन फारम भरू देनार?" वहिनी मला म्हणाली. "तुमी मला शिकवा."

मी तेव्हा नववीत होते आणि इंग्रजीत वर्गात पहिली. भाव खायला एवढं कारण मला पुरेसं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी फुटपट्टी घेऊन वहिनीची मास्तरीण झाले.

पेपरात एक प्रश्न हमखास यायचा. पाच शब्दसमूह द्यायचे आणि ते वाक्यात वापरायला सांगायचे, दहा मार्कांना. ॲडव्हर्ब फ्रेज, म्हणजे क्रियाविशेषण म्हणून येणारा शब्दांचा गट. आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी याची फार सोपी युक्ती शिकवली होती. क्रियापदाला धरायचं आणि विचारायचं: कधी? कुठे? कसं? कशासाठी? उत्तर म्हणून शब्दांचा जो गट पुढे येईल, ती ॲडव्हर्ब फ्रेज. मी हीच युक्ती वहिनीला सांगितली आणि म्हटलं, "आता 'इन द मॉर्निंग' वाक्यात वापर."

वहिनीनं जीभ दातांत धरून, अक्षर कोरून लिहिलं: 'इन द मॉर्निंग.' आणि पुढे ठसठशीत पूर्णविराम.

"अगं वहिनी, सकाळी काय?"

"सकाळी समदंच की! पानी, चूल, झाडू, डबा. काय काय लिवू?"

"त्यातलं एक काहीतरी लिही. कोणी काय केलं, ते आधी आलं पाहिजे. नुसतं 'सकाळी' म्हणून थांबलीस तर मास्तर वाट बघत बसेल ना!"

ही गोष्ट तिच्या डोक्यात बसायला तीन दिवस लागले आणि माझ्या आवाजाची पट्टी तीन दिवस वर गेलेली होती. माझा राग नाकावरच असायचा. पण एकदा बसली ती बसली. पुन्हा कधी तिनं फ्रेज अशी एकटी सोडली नाही.

खरी गंमत पुढे आली. माझ्याकडे एक जुनं गाईड होतं. त्यात प्रत्येक फ्रेजचं तयार वाक्य. मी म्हटलं, कशाला डोकं चालवायचं, पाठ कर. 'बाय ट्रेन' आलं की लिहायचं, 'मी ट्रेननं दिल्लीला गेले.'

वहिनी पेन खाली ठेवून म्हणाली, "मी कंदी गेले दिल्लीला?"

"अगं, तू नाही गेलीस. वाक्यापुरतं."

"मंग लिवू कशी? खोटं हाय ते."

"परीक्षेत कोण बघायला येतंय?"

"कागदावर खोटं लिवायचं न्हाय, वन्सं." एवढं बोलून ती हाताची घडी घालून बसली. तिच्या माहेरी जमिनीची काहीतरी चौकशी झाली होती, तेव्हा तिच्या वडिलांचा जबाब साहेबानं लिहून घेतला होता. तो जबाब शब्दाला शब्द खरा निघाला म्हणून जमीन घरात राहिली. तेव्हापासून कागद म्हणजे जबाब, असं त्या घरात सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. पोरांनी शाळेच्या निबंधात 'मी राजा असतो तर' लिहिलं तरी तिचा बाप म्हणे अस्वस्थ व्हायचा. मी कपाळावर हात मारून घेतला. मी चिडले, लाडीगोडी लावली, गाईड आपटलं. वहिनी ढिम्म. शेवटी मीच हरले आणि म्हटलं, "बरं बाई, खरं लिही. पण लिही!"

आणि मग ती जी लिहीत सुटली! दिल्ली नको, राजवाडा नको, घरातलंच सगळं. 'बिहाइंड' आलं की आमचा पिठाचा डबा, 'विथ' आलं की आमचा झाडू. रोज दुपारी दादा रात्रपाळीचा झोपलेला असायचा, आई शेजारी गेलेली असायची, आणि आम्ही दोघी चुलीपाशी बसून तोंडात पदर कोंबून हसायचो. एकदा दादा सायकलवरून येताना रस्त्यात मधोमध म्हैस आडवी आली होती. वहिनीनं लिहिलं: 'माय हजबंड सॉ अ बफेलो ऑन हिज बायसिकल.'

"वहिनी! सायकलवर कोण बसलंय?"

"ते."

"तू लिहिलंस त्यावरून म्हैस बसलीय! दादाच्या सायकलवर!"

वहिनीच्या डोळ्यांसमोर ती म्हैस सीटवर बसली असणार, कारण ती हसता हसता भिंतीला टेकली आणि घसरत खालीच गेली. दादा जागा होऊन बघायला आला. काय झालं म्हणून विचारलं तर आम्हाला सांगता येईना. मग मी तिला समजावलं की फ्रेज ज्याची असेल त्याच्या शेजारी बसवायची, नाहीतर भलत्याच्या गळ्यात पडते. तिनं 'ऑन हिज बायसिकल' उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेलं. दादा सायकलवर गेला, म्हैस रस्त्यावर उतरली आणि आम्ही पुन्हा पाच मिनिटं हसलो. इतकं हसत हसत मी आयुष्यात दुसरं काही शिकवलेलं नाही.

गणपती झाले आणि परीक्षेची तारीख कळली. त्याच आठवड्यात गावाहून काकांचा निरोप आला की भात तयार होत आलंय, ऑक्टोबरात कापणीला या. आमची थोडी जमीन गावाला होती. हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताची कापणी थांबत नाही, दाणे झडतात. दरवर्षी आई आणि घरातल्या बाया जायच्या. आईनं दिवस मोजले आणि नेमका परीक्षेचा दिवस कापणीत आला.

"वहिनीची परीक्षा आहे ना!" मी म्हटलं.

"भात काय परीक्षेसाठी थांबतंय?" आई म्हणाली. ती दुष्ट नव्हती. ती स्वतः अकराव्या वर्षापासून विळा धरत आलेली बाई, तिला खरोखरच यात काही वेगळं दिसत नव्हतं. "शेतात बाई कमी पडली तर तुझा काका काय म्हणेल? परीक्षा पुढच्या खेपेला."

घरात शेवटचा शब्द बाबांचा, आणि बाबांपुढे दादाची दातखीळ बसायची. मी म्हटलं, मी सांगते बाबांना. तर वहिनीनं माझा हात धरला. "नको, वन्सं. माझ्यापायी घरात वादावादी नको. तुमाला माझी शप्पत." मला तिचा इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती मात्र दुपारी वही घेऊन एकटीच चुलीपाशी बसायची आणि लिहायची. 'आता कशाला?' असं मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मलाच रडू आलं असतं.

रविवारी बाबा माझ्या वह्या तपासायचे. बाबा इंग्रजी तिसरीपर्यंत, म्हणजे आताच्या सातवीपर्यंत शिकलेले. पुढची शाळा सुटली, पण हौस सुटली नव्हती. लूमवरच्या लोखंडी पाट्या, तेलाचे डबे, औषधाच्या बाटल्या, जिथे इंग्रजी अक्षर दिसेल तिथे ते बोट ठेवून वाचायचे. त्या रविवारी आई सूप घेऊन तांदूळ निवडत होती, दादा भिंतीकडे तोंड करून झोपला होता, वहिनी आत भाकऱ्या थापत होती. बाबांनी फळीवरची खाकी कव्हरची वही काढली आणि वाचायला सुरुवात केली. कव्हरं मीच घातली होती, दोन्ही वह्यांना सारखी. त्यांच्या हातात वहिनीची वही होती.

"माय मदर-इन-लॉ," बाबा बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागले, "कीप्स द गूळ बिहाइंड द फ्लाउर टिन." ते थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मदर-इन-लॉ म्हणजे सासू ना? नववीतच तुला सासू मिळाली?"

आतला भाकरी थापल्याचा आवाज बंद झाला.

"काय लिहिलंय?" आई म्हणाली.

"सासूबाई गूळ पिठाच्या डब्यामागे ठेवतात."

आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "हे इंग्रजीत लिहिलंय? म्हणजे आता सगळ्या जगाला कळलं की!"

बाबांना आता वही कोणाची ते कळलं होतं. ते वही मिटून ठेवतील असं वाटलं, पण त्यांनी पान उलटलं. "इन द आफ्टरनून, माय हजबंड स्लीप्स विथ ॲन ओपन माउथ." सगळ्यांनी दादाकडे बघितलं. दादा त्याच क्षणी कूस बदलून आमच्याकडे वळला, आणि तोंड उघडंच! आई आधी हसली. मग बाबा. बाबांना हसताना मी फार वेळा बघितलेलं नव्हतं. पुढचं वाक्य माझ्यावर होतं: नणंद हातात फुटपट्टी घेऊन शिकवते आणि काही कारण नसताना चिडते. हे मात्र साफ खोटं होतं. तेव्हाही मी तसंच म्हणाले आणि आजही म्हणते.

मग बाबा एका ओळीवर आले आणि मनातल्या मनात वाचू लागले. बोट ओळीवरून एकदा फिरलं, पुन्हा सुरुवातीला आलं. शेवटी त्यांनी हळू आवाजात वाचलं, "माय फादर-इन-लॉ नोज अ सिक लूम बाय इट्स साउंड."

"म्हणजे?" आई म्हणाली.

"लूम आजारी पडला की सासऱ्यांना नुसत्या आवाजावरून कळतं," बाबा म्हणाले. आणि खरंच कळायचं. जेवताना आमच्या बोळातल्या कुठल्याशा कारखान्याचा खटका ऐकून ते म्हणायचे, त्या तिसऱ्या लूमचा पट्टा सैल झालाय. आम्ही ते रोज ऐकत होतो, पण त्यात काही सांगण्यासारखं आहे असं आमच्यापैकी कोणाला वाटलं नव्हतं. दारामागे उभं राहून भाकरी वाढणाऱ्या वहिनीला मात्र वाटलं होतं.

शेवटच्या पानावर एकच वाक्य होतं. बाबांनी ते मोठ्यानं वाचलं. "इन ऑक्टोबर, ऑन द डे ऑफ द एक्झॅमिनेशन, आय विल कट राइस इन द फील्ड."

याचा अर्थ त्यांनी आईला सांगितला नाही. वही तशीच उघडी धरून ते मला म्हणाले, "तिला विचार, हे असं का लिहिलं?"

मी दाराकडे वळायच्या आधीच आतून आवाज आला. बारीक, पण न अडखळता. "वन्सं, मामंजींना सांगा, खरं हाय तेच लिवलंय."

मला सांगवेना. सांगायची गरजही नव्हती. बाबांनी कानामागची पेन्सिल काढली, वही गुडघ्यावर ठेवली आणि लिहायला लागले. एकेक अक्षर जोडत, ओठ हलवत. लिहून झाल्यावर वही माझ्या हातात दिली. "तिला सांग, शेवटचं वाक्य चुकलं होतं. दुरुस्त केलंय."

वहिनीच्या ओळीवर आडवी रेघ होती. खाली बाबांच्या बोजड अक्षरात लिहिलेलं: 'इन ऑक्टोबर, ऑन द डे ऑफ द एक्झॅमिनेशन, माय डॉटर-इन-लॉ विल राइट पेपर इन द स्कूल. आय विल कट राइस इन द फील्ड.' 'पेपर'च्या आधी 'द' राहिला होता. मी बोलले नाही. माझ्या आयुष्यात चूक दिसूनही मी गप्प बसले, असा तो बहुधा एकमेव प्रसंग.

आईला अर्थ कळल्यावर ती उडालीच. "तुम्ही? कापणीला? विळा कुठल्या बाजूनं धरतात ते तरी आठवतंय का?"

"आता लिहिलंय म्हटल्यावर करायला नको?" बाबा म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर पडले.

त्यांनी तसं केलं. परीक्षेच्या दिवशी सुट्टी टाकून आईबरोबर एसटीनं गावाला गेले. काकूंनी आणि आईनं दोन वाफे कापून काढले तरी हे आपले पहिल्याच वाफ्यात, आणि बोट कापून घेतलं ते वेगळंच. संध्याकाळी बोटाला चिंधी बांधून परत आले तेव्हा आई सबंध बोळाला ती हकिकत सांगत होती. इकडे वहिनी पेपर देऊन आली होती. मी तिला गाठून विचारलं, "फ्रेजचा प्रश्न आला?" आला होता. "मग? काय काय लिहिलंस?" तिनं एक वाक्य सांगितलं: 'टुडे माय फादर-इन-लॉ इज कटिंग राइस फॉर मी इन द फील्ड.' मी दोनदा तपासलं, एकही चूक नव्हती.

निकाल लागायला पुढचं वर्ष उजाडलं. परीक्षेच्या शाळेत मार्क बघायला वहिनी मला घेऊन गेली. इंग्रजीत अडतीस. पस्तीस लागत होते. वहिनीनं त्या आकड्यावर बोट ठेवून तीन वेळा वाचलं, मग मला वाचायला लावलं. मी तिथेच तिला मिठी मारली आणि ओरडले, "चल घरी!" पण फाटकातून बाहेर पडल्यावर वहिनी घराच्या रस्त्याला न लागता उलटीकडे वळली.

"वहिनी, घर इकडे."

"मामंजींना आधी सांगायचं."

आमच्या घरातली बाई बाबांच्या कारखान्याच्या दारात कधी गेली नव्हती. वहिनी गेली. आत चाळीस लूम एका वेळी चालू, पायाखालची जमीन थरथरत होती. बाबा एका लूमखाली वाकून काहीतरी पिळत होते. वहिनी त्यांच्यापासून दोन पावलांवर उभी राहिली, पदर सावरला आणि घरात बोलायची त्या आवाजात काहीतरी म्हणाली. मला काही ऐकू आलं नाही, बाबांना काय येणार! मग मी ओरडून बघितलं. माझाही आवाज त्या खडखडाटात बुडाला.

वहिनीनं माझा हात सोडला. छातीत हवा भरून घेतली आणि अशी ओरडली, जशी शेतात दूरच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी. "मामंजी! पास झाले मी!"

बाबांनी मान वर केली. कोण आहे ते दिसलं, तसे ते उठलेच. कानाला हात लावून म्हणाले, "काय?"

"पास झाले! पास!"

त्यांनी पुढ्यातला लूम बंद केला. बाकीचे चालूच होते. "कितीत?"

"अडतीस!"

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत!"

शेजारचा विणकर डोकावला. "क्या हुआ, जॉबर साब?" बाबा त्याच्यावरच ओरडले, "बहू पास हो गयी! अंग्रेजी में पास हो गयी!" ते एका लूमवरून दुसऱ्या लूमवर गेलं आणि कारखानाभर 'मुबारक हो, मुबारक हो' सुरू झालं. वहिनी रडत होती आणि हसत होती. बाबा हाताचं काळं तेल पुसत होते, पुसून झालं तरी पुसतच होते.

"शाब्बास, पोरी," ते तिला म्हणाले. तिच्याकडे बघून, तिलाच. मग माझ्याकडे बोट केलं. "आणि यापुढे मला काय सांगायचं असेल ते तूच सांगत जा. हिला मध्ये घालू नको. ही अर्धं विसरते."

"बरं, मामंजी," वहिनी म्हणाली.